पाण्यात उभं राहण्याचं गणित

पॅरिस 2024 ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या वॉटर पोलोच्या अंतिम सामन्यात सर्बियाने क्रोएशियाला 13-11 असं हरवलं आणि सलग तिसरं ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं. म्हणजे एकूण 24 गोल. ते मारताना कोणाच्याही पायाखाली जमीन नव्हती. तलावाची खोली किमान 1.8 मीटर असते आणि तळाला रेटा देऊन उसळी मारणं नियमाबाहेर आहे. तरीही खेळाडू छातीपर्यंत पाण्याबाहेर येतो आणि 400 ते 450 ग्रॅमचा चेंडू एका हाताने सेकंदाला 20 मीटरच्या आसपास वेगाने फेकतो. प्रेक्षकांची नजर हातावर असते, पण हा खेळ पायांचा आहे.

आधी आर्किमिडीजकडे जाऊ. छातीत हवा भरलेला माणूस पाण्यात जेमतेम तरंगतो. 95 किलोच्या खेळाडूचं दोन-तीन लिटर शरीर बाहेर राहतं, म्हणजे डोक्याचा वरचा भाग. यापुढे शरीराचा जो लिटर बाहेर काढाल, त्याच्यामागे साधारण एक किलो वजनाइतकं प्लावक बल, म्हणजे पाण्याचा वरचा रेटा, गमावता. एक हात शरीराच्या वजनाच्या सुमारे 5 टक्के असतो. दोन्ही हात उंचावले की दहाएक किलोचं ओझं डोक्यावर घेतल्यासारखं होतं. म्हणून सरावात हात वर धरून जागच्या जागी पाय मारायला लावतात. तो व्यायाम दिसतो तितका निरुपद्रवी नाही. गोल मारताना डोकं, हात आणि छाती मिळून अंदाजे 30-35 लिटर शरीर बाहेर येतं. एवढा भार पाय क्षणभरच पेलू शकतात, आणि त्याचं कारणही गणितातच आहे. पाण्यातून मिळणारं बल पावलाच्या वेगाच्या वर्गानुसार वाढतं, तर लागणारी शक्ती घनानुसार. चौपट बल हवं असेल तर पावलं दुप्पट वेगाने फिरवावी लागतात आणि शक्ती आठपट खर्च होते.

हे बल मिळवण्याची पद्धत म्हणजे ‘एगबीटर किक’. अंडी फेटायच्या यंत्राची दोन पाती जशी एकमेकांविरुद्ध फिरतात, तसे पाय फिरतात. खुर्चीत बसल्यासारखं कंबरेत वाका, मांड्या फाकवून जवळजवळ पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर आणा. आता गुडघ्याखालचे पाय आळीपाळीने फिरवा. वरून पाहिलं तर उजवं पाऊल घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने फिरतं आणि डावं काट्याच्या दिशेने. पावलं बोटांकडून वर ओढलेली आणि बाहेर वळवलेली हवीत, तरच तळवा पंख्याच्या पात्यासारखा तिरका राहून पाणी खाली ढकलतो. ब्रेस्टस्ट्रोकचे पाय मारले तर दोन्ही पाय एकदम रेटा देतात, मग एकदम थांबतात आणि शरीर वरखाली होत राहतं. एगबीटरमध्ये एक पाय परत येत असताना दुसरा रेटत असतो, त्यामुळे डोकं स्थिर राहतं. नेम धरायला स्थिर डोकं लागतंच.

नवशिक्यांचं चुकतं ते बहुतेक घोट्यात. पोहताना पाऊल ताणलेलं ठेवायची सवय असते. तसंच ठेवलं तर पाऊल पाण्यातून नुसतं सरकतं आणि उचल मिळतच नाही. दुसरी चूक म्हणजे गुडघे जवळ येऊन खाली लोंबणं. तेव्हा सायकल मारल्यासारखी हालचाल होते, दम जातो आणि शरीर खालीच राहतं. खुब्याचा सांधा मोकळा नसेल तर तो पीळ गुडघ्याला सोसावा लागतो. प्रत्येक फेरीत गुडघ्याची आतली बाजू ताणली जाते, म्हणून तिथलं दुखणं या खेळाडूंमध्ये नेहमीचं आहे. यावर उपाय पट्टी बांधणं नव्हे, आधी खुबा मोकळा करणं.

आता फेक. जमिनीवर चेंडू फेकताना पाय रोवून कंबर फिरवता येते. पाण्यात रोवायला काही नाही. धड एका दिशेला फिरलं की कोनीय संवेगाच्या नियमानुसार पाय उलट दिशेला फिरू लागतात. फाकवलेले पाय तेव्हा वल्ह्यांसारखे पाण्याला अडतात आणि धडाला टेकू देतात, रिकामा हातही पाणी दाबून मदत करतो. पाय थकले की टेकू ढिला होतो आणि वेगाची सगळी भरपाई खांद्याला करावी लागते. खांद्याच्या दुखापतीचं मूळ त्यामुळे कधीकधी पायांत सापडतं.

गोलरक्षकाची परीक्षा सर्वांत कडक. गोल 3 मीटर रुंद आणि पाण्यापासून 0.9 मीटर उंच. सहा मीटरवरून आलेला चेंडू 0.3 सेकंदात पोचतो. त्यातला सुमारे 0.2 सेकंद डोळ्यांनी पाहून शरीर हलायलाच जातो. म्हणून तो आधीच कंबर वर घेऊन, पाय दुमडून बसतो आणि शेवटच्या क्षणी दोन्ही पाय एकदम रेटून उसळतो. आक्रमक हूल का देतात, हे इथे कळतं. एकदा उसळलेला गोलरक्षक खाली येतो, थोडा बुडतो, पाय पुन्हा गोळा करतो. त्या अर्ध्या क्षणात गोल उघडा असतो.

गोलासमोर दोनेक मीटरवर सेंटर फॉरवर्ड आणि त्याचा बचावपटू यांची झोंबाझोंबी चालते. पंचांना पाण्यावरचं दिसतं, पाण्याखालचं फारसं नाही. पाय मजबूत असलेला सेंटर जागा सोडत नाही. मग बचावपटू त्याला धरतो, ओढतो, बुडवतो आणि पंच त्या बचावपटूला बाहेर काढतात. पॅरिसमधल्या नियमांनुसार हे 20 सेकंदांसाठी असे, आणि असे तीन मोठे दोष झाले की खेळाडू सामन्यातूनच बाद. त्या 20 सेकंदांत गोलरक्षक सोडून सहा विरुद्ध पाच. आक्रमक अनेकदा चौघांना 2 मीटरच्या रेषेवर आणि दोघांना मागे ठेवतात. साधा पास सेकंदाला 15 मीटर गेला तर 9 मीटर अंतर 0.6 सेकंदात कापतो. चांगला जलतरणपटू तेवढ्या वेळात जेमतेम सव्वा मीटर सरकतो. चेंडूमागे पोहून बचाव होऊच शकत नाही. म्हणून पाचही बचावपटू जागा न सोडता हात उंच करून कोन बंद करतात. हात वर, म्हणजे पुन्हा तेच दहा किलो पायांवर.

सामना प्रत्येकी 8 मिनिटांच्या चार सत्रांचा असतो आणि खेळ थांबला की घड्याळही थांबतं. चौथ्या सत्रात हातांकडे पाहू नका, खांद्यांकडे पाहा. सुरुवातीला ज्याचे खांदे पाण्यावर होते आणि आता हनुवटीच पाण्याला टेकली आहे, त्याच्याच बाजूने प्रतिस्पर्धी पुढचा पास काढतात.