कारंज्याचा बाजार आणि कॅल्डॉरचा हिशेब

वाशीम जिल्ह्यातलं कारंजा लाड बहुतेकांना माहीत असतं ते नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान म्हणून. शेतमाल पणनाच्या पुस्तकांत ते वेगळ्याच कारणानं येतं. भारतातला पहिला नियंत्रित बाजार 1886 मध्ये इथं सुरू झाला, तो कापसाचा. पुढे 1897 मध्ये वऱ्हाडातल्या कापूस आणि धान्य बाजारांसाठी कायदाच आला. आजच्या बाजार समित्यांचं मूळ तिथवर जातं. शेतकऱ्याच्या कळवळ्यानं हे झालं असं मात्र समजू नका. मँचेस्टरच्या गिरण्यांना निर्भेळ कापूस वाजवी भावात हवा होता.

बाजार म्हटलं की घेणारे-देणारे जमले, भाव ठरला, संपलं, असं आपल्याला वाटतं. पण माप कुणी करायचं, कट्टी, म्हणजे वजनातली कापणी, किती धरायची, बोली उघड लावायची की रुमालाखाली बोटं दाबून, चुकारा, म्हणजे मालाचे पैसे, किती दिवसांत द्यायचा, हे सगळं आधीच कुणीतरी ठरवून ठेवलेलं असतं. ठरवणाऱ्याच्या डोक्यात बाजार कसा चालावा याची एक कल्पना असते आणि तीच यार्डातल्या काट्यात, ओट्यात, पावतीत उतरते. अर्थशास्त्र गावात शिरतं ते बहुतेक याच वाटेनं.

ओलाव्याचंच घ्या. दिवाळीच्या सुमारास पऱ्हाटीवर दव असतानाच वेचलेला कापूस जड भरतो. गाडीतला वरचा थर कोरडा लागतो, आत कोपरापर्यंत हात घातला की गार लागतं. कुणी मुद्दाम पाणीही मारतं, आणि कोण मारतं हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. व्यापाऱ्याला ते ठाऊक नसतं. प्रत्येक गाडी खालपर्यंत उपसून पाहायला त्याला वेळ नाही, म्हणून तो सगळ्यांनाच थोडा कमी भाव लावतो. ज्यानं अंगणात पसरून कापूस वाळवला त्याचं वजनही गेलं आणि भावही गेला. पुढच्या वेच्याला तो कशाला वाळवेल? अशानं चांगला माल बाजारातून हळूहळू आटत जातो. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञानं 1970 च्या निबंधात हीच साखळी जुन्या मोटारींच्या बाजारावरून उलगडून दाखवली. 2001 मध्ये त्याला नोबेल मिळालं. निबंधाआधी तो वर्षभर दिल्लीत राहून गेला होता, आणि त्याच निबंधात तांदळात मुद्दाम मिसळलेले, तांदळासारखेच दिसणारे खडे निवडत बसलेली भारतीय गृहिणीही आहे.

यावर उपाय म्हणजे डोळ्यांना दिसत नाही ते मोजायचं. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी भारतीय कापूस महामंडळाच्या, केंद्रावर प्रत ठरवणारा ग्रेडर ओलावा मोजायचं यंत्र कापसाला लावतो. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये ठरला, तो 8 टक्के ओलाव्याला. वरच्या प्रत्येक टक्क्याला भावात एक टक्का कपात. 12 टक्क्यांवर हातात येतात 7785 रुपये 60 पैसे, आणि त्यापुढे गाडी परत. अकरलॉफची अडचण यंत्रानं बरीचशी सोडवली. आता भांडण होतं ते यंत्र कोणत्या थरात लावलं आणि आकडा शेतकऱ्याला दाखवला की नुसताच सांगितला, यावरून. माझ्या मते हे भांडण अगदी योग्य जागी चाललंय.

सिद्धांतावरून बाजार कसा बेततात याचं सर्वांत चोख उदाहरण आहे फ्रान्समधल्या फोंतेन-आं-सोलोञ या गावचं. पूर्ण स्पर्धेचं, म्हणजे भाव कुणा एकाच्या हातात नसण्याचं, पुस्तकी चित्र डोळ्यांपुढे ठेवून 1981 मध्ये तिथं स्ट्रॉबेरीचा लिलाव उभारला गेला. खरेदीदार एका बाजूला, शेतकरी दुसऱ्या. कुणाला कुणाचा चेहरा दिसत नाही, दिसतो फक्त फलकावर उतरत जाणारा भाव. पटला नाही तर माल मागे घ्यायची मुभा. मिशेल कालाँ या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानं 1998 मध्ये याचा दाखला देत म्हटलं की अर्थशास्त्र बाजाराचं नुसतं वर्णन करत नाही, ते बाजार घडवतंही.

आपल्याकडे 14 एप्रिल 2016 ला सुरू झालेल्या ई-नामची, म्हणजे ऑनलाइन राष्ट्रीय कृषी बाजाराची, कल्पना याच कुळातली. हर्रास, म्हणजे लिलाव, पडद्यावर, खरेदीदार कुठलाही. कल्पना चांगलीच आहे, फक्त ‘माल मागे घ्यायची मुभा’ विदर्भात महागात पडते. भाड्यानं आणलेली गाडी दारात उभी असते, थांबल्याचे पैसे वेगळे, कृषी केंद्राची उधारी डोक्यावर. भाव पटला नाही म्हणून कापूस परत नेणारा शेतकरी यार्डात क्वचितच सापडेल. फलक सारखा लावला म्हणून सोसण्याची ताकद सारखी होत नाही.

आता तुरीकडे या. गेल्या वर्षीचा भाव पाहून यंदाचा पेरा ठरतो, सगळ्यांचा एकदमच ठरतो, मग माल तुंबतो, भाव पडतो, पुढच्या वर्षी पेरा घटतो आणि भाव पुन्हा चढतो. आलेखावर हे कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसतं. निकोलस कॅल्डॉर या हंगेरीत जन्मलेल्या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञानं 1934 मध्ये याला तेच नाव दिलं. 2015 मध्ये शहरात तूरडाळ किलोला 200 रुपयांवर गेली. 2016 मध्ये पाऊसही बरा झाला, आणि देशातलं तुरीचं उत्पादन साधारण 26 लाख टनांवरून 49 लाख टनांच्या घरात पोचलं. हमीभाव बोनस धरून क्विंटलला 5050 रुपये होता, बाजार त्याखाली गेला, आणि खरेदी केंद्रांवर बारदाना नाही म्हणून गाड्यांच्या रांगा लागल्या.

जॉन मथ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञानं 1961 मध्ये यावर आक्षेप घेतला: माणसं दरवर्षी तीच चूक का करतील, ती शिकत नाहीत का? शिकतात, पण कधीकधी भलताच धडा. 2021-22 मध्ये कापूस क्विंटलला 10,000 रुपयांच्या वर गेला तोवर बहुतेकांनी आपला विकून टाकला होता. पुढच्या वर्षी विदर्भात घरोघरी कापूस ठेवला गेला. माजघरात छतापर्यंत गंजी, पोरंबाळं ओसरीवर, अंगाला खाज. ‘दहा हजारांखाली देत नाही’ हे वाक्य चहाच्या टपरीवर रोज ऐकू यायचं. भाव काही चढला नाही, आणि खरिपाच्या बियाण्याला पैसे हवेत म्हणून सगळ्यांनी एकदमच काढला. या खेपेला जाळं पेऱ्याचं नव्हतं, थांबण्याचं होतं.

याच कॅल्डॉरनं 1939 मध्ये आणखी एक विचार मांडला आणि धोरण ठरवणाऱ्यांच्या हिशेबात तो आजही आहे. एखाद्या निर्णयानं ज्यांचा फायदा होतो त्यांना, नुकसान झालेल्यांची भरपाई करूनही काही उरत असेल, तर तो निर्णय चांगला. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्रानं कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क उठवलं, आधी सप्टेंबरअखेर, मग 31 डिसेंबरपर्यंत. गिरण्यांना स्वस्त कापूस, अमेरिकी शुल्कानं अडचणीत आलेल्या कपडे निर्यातदारांना दिलासा. देशाच्या वहीत बेरीज कदाचित जमेची असेल. पण मुदत नेमकी दसऱ्यानंतर माल बाजारात यायच्या वेळेवर आली, आणि तिरुप्पूरच्या कपडे कारखानदारांना मिळालेल्या रुपयातला हिस्सा पांढरकवड्याच्या कापूसवाल्याला पोचवणारी सोय कुठल्याच कायद्यात नाही. कॅल्डॉरच्या कसोटीला भरपाई ‘देता येईल’ एवढंच पुरतं. दिली का, हे ती विचारत नाही.

पडलेल्या भावात आधार उरतो तो सीसीआयच्या खरेदीचा. त्यासाठी 2025-26 च्या हंगामापासून कपास किसान ॲपवर नोंदणी लागते, आणि नोंदणीला सातबारा. मक्त्यानं किंवा बटईनं शेत करणाऱ्याचं नाव त्यावर नसतंच. कापूस त्याचा असतो, नोंदणी बहुतेकदा मालकाच्या नावानं होते, आणि मालक तयार नसेल तर कसणारा आपला कापूस खेडा खरेदीवाल्याला, म्हणजे गावात येऊन घेणाऱ्या व्यापाऱ्याला, मिळेल त्या भावात घालतो.