तापीकाठची मुक्ताई

ज्येष्ठात खानदेशचे ऊन अजून उतरलेले नसते, तेव्हाच मुक्ताईनगरजवळच्या कोथळीहून मुक्ताईची पालखी पंढरपूरला निघते. पाचशे किलोमीटरांहून जास्त वाट, जवळजवळ महिनाभराची चाल. डोक्यावर तुळशी घेतलेल्या बाया तिला ‘आई’ म्हणतात. ही आई गुप्त झाली तेव्हा तिचे वय जेमतेम अठरा होते.

ती मूळची इथली नव्हे; घराणे गोदाकाठच्या आपेगावचे. १२९६ मध्ये ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली, पाठोपाठ सोपानदेवांनी सासवडला. निवृत्तीनाथ धाकट्या बहिणीला घेऊन तीर्थयात्रेला निघाले आणि तापीकाठी आले. शके १२१९ मध्ये, म्हणजे १२९७ साली, इथेच वीज कडाडली आणि मुक्ताई दिसेनाशी झाली, असे नामदेवांच्या अभंगांत येते. मेहूण आणि कोथळी ही दोन्ही गावे ती आठवण जपून आहेत. पूर्वीचे एदलाबाद तिच्याच नावाने मुक्ताईनगर झाले.

तापीशी तिचा धागा मात्र आधीच जुळला होता. तापी-पूर्णेच्या संगमावर आज काळ्या दगडाचे चांगदेवाचे देऊळ उभे आहे. चौदाशे वर्षे जगलेला योगी अशी चांगदेवांची ख्याती. ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसले, तर मायना काय घालावा हेच सुचेना: वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, की ज्ञानाने थोर म्हणून नमस्कार? कोरा कागदच पाठवला. इतकी वर्षे जगून चांगदेव कोरा तो कोराच, असे मुक्ताई म्हणाली, ही कथा घरोघरी माहीत आहे. त्या कागदाला ज्ञानदेवांनी दिलेले उत्तर म्हणजे ६५ ओव्यांची ‘चांगदेव पासष्टी’. पुढे चांगदेवांनी गुरू केले ते मुक्ताईलाच.

तिच्या चमत्कारांपेक्षा मला तिचे ‘ताटीचे अभंग’ मोठे वाटतात. लोकांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून आत बसले. बाहेर उभी राहून ही पोर सांगते, ‘विश्व रागें झालें वन्ही । संतें सुखें व्हावें पाणी ॥’ आणि पुढे विचारते, जीभ दातांखाली चावली गेली म्हणून कोणी आपली बत्तीशी तोडतो का? सगळे एकच आहे, मग रागवायचे कोणावर? अख्खे अद्वैत तिने तोंडातल्या जिभेवर आणून ठेवले.

आजही पालखी बीडला पोचते तेव्हा आजोबा गोविंदपंतांच्या समाधीपाशी थांबते. नातीची आणि आजोबांची भेट होते, मगच वारी पुढे सरकते.