ओकॅमलमधील आर्ग्युमेंटचा क्रम: पार्श्वभूमी

फंक्शनच्या आर्ग्युमेंटपैकी, म्हणजे त्याला दिलेल्या मूल्यांपैकी, आधी कोणाचे मूल्य काढायचे, हा प्रश्न शुद्ध लॅम्डा कॅलक्युलस या फंक्शनांच्या गणिती पद्धतीपुरता १९३६ मध्येच मिटला होता. कोणत्याही क्रमाने गेले तरी अंतिम रूप मिळालेच तर ते एकच असते, हे त्या वर्षी सिद्ध झाले. आर्ग्युमेंटच्या आत छपाई, वाचन आणि एक्सेप्शन (गणना मध्येच सोडून देणे) आल्यावर मात्र क्रम दिसू लागला. स्टँडर्ड एमएल या प्रोग्रॅमिंग भाषेच्या १९९० च्या व्याख्येने तो डावीकडून उजवीकडे असा बांधून दिला. त्याच घराण्यातल्या कॅमल या भाषेने, आणि पुढे तिच्यातून आलेल्या ओकॅमलने, तो मोकळा ठेवला.

याचे मूळ १९९० च्या झिंक या अमूर्त यंत्रात, म्हणजे कॅमलचे प्रोग्रॅम चालवण्याच्या कल्पित यंत्राच्या आराखड्यात आहे. कॅमलमधील फंक्शन एकेक आर्ग्युमेंट घेऊन पुढचे फंक्शन परत देते. प्रत्येक टप्प्यावर नवे क्लोजर (फंक्शन आणि त्याला लागणारी मूल्ये यांचा गठ्ठा) बनवणे महाग पडते, म्हणून सर्व आर्ग्युमेंट स्टॅकवर, म्हणजे एकावर एक रचलेल्या मूल्यांच्या चळतीवर ठेवावीत आणि बोलावलेल्या फंक्शनने वरून हवी तेवढी उचलावीत, अशी ही योजना होती. पहिले आर्ग्युमेंट सर्वांत वर हवे, तर ते शेवटी ठेवावे लागते, आणि मूल्य निघताच स्टॅकवर टाकायचे असेल तर सुरुवात उजवीकडूनच होते. त्या काळातील यंत्रांचा विचार करता हा निर्णय अत्यंत समर्पक होता.

गुंता झाला तो ‘अनिर्दिष्ट’ या शब्दाने. भाषेच्या मार्गदर्शिकेत क्रम अनिर्दिष्ट आहे असे म्हटले आहे, म्हणजे कम्पायलरला (प्रोग्रॅमचे यंत्राला चालवता येईल अशा रूपात भाषांतर करणाऱ्या साधनाला) निवडीची मुभा आहे. याचा अर्थ क्रम प्रत्येक वेळी बदलतो असा नाही, आणि प्रोग्रॅमचे वर्तन निरर्थक ठरते असाही नाही. प्रत्यक्षात कम्पायलर बहुतेक वेळा उजवीकडूनच येतो, त्यामुळे अनेकांनी त्यालाच नियम मानले. एका जोडीच्या दोन्ही घटकांत ओळ वाचण्याचे फंक्शन बोलावले, तर इनपुटची पहिली ओळ जोडीत दुसऱ्या जागी जाऊन बसते. टाइप (मूल्यांचे प्रकार) बरोबर असल्याने कम्पायलर काहीच बोलत नाही. मुभा कम्पायलरला मिळाली आणि तिची किंमत प्रोग्रॅमर मोजतो, हे मला योग्य वाटत नाही. मात्र आता क्रम उलटवला, तर आजवर चालणारा कोडही असाच निमूटपणे बिघडेल, हा विरोधी मुद्दा खरा आहे.

स्कीम या भाषेनेही हा क्रम अनिर्दिष्टच ठेवला आहे; हास्केलसारख्या आळशी भाषेत मूल्य गरजेनुसारच काढले जात असल्याने प्रश्न या स्वरूपात येत नाही. ओकॅमलमध्ये क्रम हवा असेल तर लेट लिहून प्रत्येक मूल्याला आधी नाव द्यावे लागते. प्रमाण लायब्ररीतील लिस्टचे मॅप फंक्शन (यादीतील प्रत्येक घटकावर दिलेले फंक्शन चालवणारे) हेच करते. २०२३ च्या ५.१ आवृत्तीत स्टॅक न वाढवण्यासाठी ते नव्याने लिहिले गेले, तरी त्यातले लेट तसेच राहिले.