दातांच्या विम्याचा हप्ता आणि अमेरिकेतली करवजावट : पार्श्वभूमी

अमेरिकेत डेंटल इन्शुरन्सचा हप्ता करातून वजा होतो का? कायद्याचं उत्तर १९४२पासून 'होतो' असंच आहे. तरीही बहुतेक पगारदारांना त्यातून एका डॉलरचाही फायदा मिळत नाही. अडचण दातांच्या व्याख्येत कधीच नव्हती. ती होती आणि आहे ती किमान मर्यादेत, आणि हप्ता कोणत्या पैशातून भरला यात.

१९४२च्या रेव्हेन्यू ॲक्टने युद्धखर्चासाठी आयकराचं जाळं सामान्य पगारदारांपर्यंत पसरवलं, आणि त्याच कायद्यात पहिल्यांदा वैद्यकीय खर्चाची वजावट आली. निव्वळ उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त झालेला खर्चच वजा करता येई. त्यावरही कमाल मर्यादा होती : जोडप्याला किंवा कुटुंबप्रमुखाला २,५०० डॉलर, इतरांना १,२५०. व्याख्या मात्र ऐसपैस होती. रोगाचं निदान, उपचार, प्रतिबंध किंवा 'शरीराच्या कोणत्याही रचनेवर वा कार्यावर परिणाम करण्यासाठी' केलेला खर्च तिच्यात बसे, आणि आरोग्य विम्याचा हप्ताही. आजच्या नियमावलीत डेंटल सेवा आणि कृत्रिम दात यांचा नावानिशी उल्लेख आहे, त्यामुळे कवळी, रूट कॅनल, ब्रेसेस यांवर वाद उरत नाही.

१९५४ साली दोन गोष्टी घडल्या. नव्या इंटर्नल रेव्हेन्यू कोडमध्ये ही तरतूद कलम २१३ झाली आणि मर्यादा ५ वरून ३ टक्क्यांवर आली. त्याच कोडच्या कलम १०६ने मालकाने भरलेला आरोग्य विम्याचा हप्ता कर्मचाऱ्याच्या उत्पन्नात धरू नये असं ठरवलं. दुसरीकडे, पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदी कामगारांची संघटना आणि जहाज कंपन्या यांच्या संयुक्त निधीतून कामगारांच्या मुलांसाठी दंतसेवा योजना सुरू झाली. अमेरिकेतल्या डेंटल विम्याची सुरुवात साधारण तिथूनच मानतात. म्हणजे हा विमा जन्मापासूनच नोकरीला बांधलेला होता. पुढे १९७८च्या कलम १२५मुळे कर्मचाऱ्याचा स्वतःचा हिस्साही कर लागण्याआधीच पगारातून कापता येऊ लागला.

व्याख्या किती ताणली जाते याचा मासला १९६२चा आहे. एका मुलाच्या दातांची ठेवण फार बिघडलेली होती आणि ऑर्थोडॉन्टिस्टने क्लॅरिनेट वाजवायला सांगितलं होतं. आयआरएसने वाद्याची किंमत आणि शिकवणीची फी, दोन्ही वैद्यकीय खर्च म्हणून मान्य केले. कर खात्याचा असा मोकळेपणा क्वचितच पाहायला मिळतो.

हप्त्याच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं वर्ष १९६५, मेडिकेअरचं, म्हणजे मुख्यतः ६५ वर्षांवरच्यांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचं. या कायद्याने विम्याच्या हप्त्याला स्वतःची वाट दिली : १९६७पासून हप्त्याची निम्मी रक्कम, कमाल १५० डॉलरपर्यंत, ३ टक्क्यांची मर्यादा न लावता वजा करता येऊ लागली. २०० डॉलर हप्ता असेल तर १०० डॉलर थेट वजावटीत. अट एकच, वजावटी एकेक करून मांडल्या पाहिजेत. याच कायद्याने विम्याची व्याख्या आवळली. बुडालेला पगार भरून देणाऱ्या पॉलिसीचा हप्ता बाद झाला, आणि एकत्रित पॉलिसीत वैद्यकीय भागाची रक्कम वेगळी दाखवलेली नसेल तर काहीच वजा होत नाही. हा नियम आजही लागू आहे. शिवाय मेडिकेअरमधून नेहमीची दंतचिकित्सा वगळली गेली. म्हणून निवृत्तांना दातांचा विमा स्वतःच्या खिशातून घ्यावा लागतो.

१९८२च्या कायद्याने ती १५० डॉलरची वाट बंद केली आणि मर्यादा ५ टक्के केली. १९८६च्या सुधारणेने ती ७.५ वर नेली. २०१०च्या अफोर्डेबल केअर ॲक्टने २०१३पासून १० टक्के केली, मात्र ६५ वर्षांवरच्यांना २०१६पर्यंत सवलत दिली. २०१७च्या कायद्याने पुन्हा ७.५ टक्के आणली, तीही दोन वर्षांपुरती. मग मुदतवाढ, आणि अखेर डिसेंबर २०२०मध्ये ७.५ टक्के कायम झाली.

पण २०१७च्या कायद्याचा खरा घाव वेगळाच होता. स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे खर्च न मांडता मिळणारी सरसकट वजावट, जवळपास दुप्पट झालं : जोडप्यासाठी १२,७०० वरून २४,००० डॉलर. २०२५साठी ते ३१,५०० होतं, एकट्या व्यक्तीला १५,७५०. शेड्यूल ए (एकेक वजावट मांडायचा फॉर्म) भरून मांडलेल्या सगळ्या वजावटींची बेरीज याच्या वर गेली तरच वैद्यकीय खर्चाला अर्थ.

६५ वर्षांवरचं एक जोडपं घ्या, दोघंही मेडिकेअरवर, समायोजित सकल उत्पन्न (ज्यावर ही मर्यादा मोजतात) ६०,००० डॉलर. ७.५ टक्के म्हणजे ४,५००. दोघांचे पार्ट बीचे (मेडिकेअरचा डॉक्टरांच्या खर्चाचा भाग) २०२५चे हप्ते ४,४४०, डेंटल विमा ९००, इम्प्लांटचे स्वतः भरलेले ७,०००. एकूण १२,३४०, त्यातून ४,५०० गेले की ७,८४० उरतात. वयाच्या जादा रकमेसह त्यांचं २०२५चं स्टँडर्ड डिडक्शन मात्र ३४,७०० आहे. म्हणजे राज्याचा कर, मालमत्ता कर, घरकर्जाचं व्याज आणि देणग्या मिळून २६,८६० डॉलरच्या वर गेले तरच शेड्यूल ए परवडणार. घरकर्ज फिटलेलं असेल तर हे बहुधा जमत नाही.

पगारदाराचा हिशेब याच्या उलट. ६०० डॉलरचा हप्ता कलम १२५खाली कर लागण्याआधी कापला गेला, तर २२ टक्क्यांच्या पट्ट्यात १३२ डॉलर आयकर वाचतो आणि सोशल सिक्युरिटी व मेडिकेअरचे ७.६५ टक्के म्हणजे आणखी ४५ डॉलर ९० सेंट. मर्यादा नाही, शेड्यूल ए नाही. मात्र तोच हप्ता पुन्हा शेड्यूल एवर लिहिता येत नाही, आणि अनेक चुका इथेच होतात. डब्ल्यू-२च्या (मालकाकडून मिळणाऱ्या वर्षाच्या पगाराच्या फॉर्मच्या) १२व्या चौकटीत डीडी अक्षरांपुढे विम्याची किंमत दिसते, लोक ती वजावट समजून उचलतात. ती केवळ माहितीसाठी असते. पगारपत्रकावर हप्ता करापूर्वीच्या कपातीत आहे की करानंतरच्या, एवढं पाहिलं की प्रश्न सुटतो.

स्वतःचा व्यवसाय असणाऱ्यांची वाट १९८६मध्ये उघडली, कलम १६२(एल). सुरुवातीला २५ टक्के हप्ता, मग अनेक टप्प्यांनी वाढत २००३पासून पूर्ण १०० टक्के. डेंटल विमाही यात बसतो. हिशेब फॉर्म ७२०६वर करून रक्कम शेड्यूल १वर जाते, त्यामुळे स्टँडर्ड डिडक्शन घेऊनही फायदा मिळतो. तीन ठिकाणी गाडी अडते. वजावट त्या व्यवसायाच्या नफ्यापेक्षा जास्त होत नाही. ज्या महिन्यात नवरा किंवा बायकोच्या मालकाकडून अनुदानित आरोग्य विमा मिळू शकत होता, तो महिना बाद होतो, तो विमा प्रत्यक्षात घेतला नसला तरी. आणि एस कॉर्पोरेशनमध्ये (जिच्या नफ्यावरचा आयकर भागधारक भरतात अशा कंपनीत) २ टक्क्यांहून जास्त भागधारक असाल, तर कंपनीने भरलेला हप्ता आधी डब्ल्यू-२च्या पगारात दाखवावा लागतो. तो दाखवला नाही तर वजावट जाते.

सौंदर्योपचारांचं दार १९९०च्या कायद्याने बंद केलं. जन्मजात व्यंग, अपघात किंवा विद्रूप करणारा आजार यांतून उद्भवलेली गरज एवढाच अपवाद. २००३मध्ये आयआरएसने वयामुळे पिवळे पडलेले दात पांढरे करण्याचा खर्च स्पष्ट शब्दांत नाकारला. टूथब्रश आणि पेस्ट तर वैयक्तिक वापराच्या वस्तू. २००४पासून उपलब्ध असलेल्या एचएसए खात्यातून (आरोग्य खर्चासाठीचं करसवलतीचं बचत खातं) दाढ भरण्याचं बिल करमुक्त भरता येतं, पण डेंटल विम्याचा नेहमीचा हप्ता सहसा नाही. भरलात तर ती रक्कम करपात्र होते आणि वर २० टक्के दंड. ६५ पूर्ण झाल्यावर दंड टळतो.

ज्यांचं शेड्यूल ए काठावर आहे, त्यांच्यासाठी पैसे दिल्याची तारीख निर्णायक ठरते. खर्च ज्या वर्षी भरला त्याच वर्षी धरतात, उपचार मागच्या वर्षी झालेले असले तरी. क्रेडिट कार्डावर ३० डिसेंबरला रक्कम टाकली तर ती त्याच वर्षाची, कार्डाचं बिल फेब्रुवारीत फेडलं तरी चालतं. एका वर्षात क्राउन आणि पुढच्या वर्षात इम्प्लांट असं विभागण्यापेक्षा दोन्ही एकाच वर्षात बसवले, तर ७.५ टक्क्यांची वजाबाकी त्या उपचारांवर एकदाच सोसावी लागते. विमा कंपनीकडून पुढच्या वर्षी परतावा आला, तर वजावटीचा जितका फायदा घेतला तितका भाग त्या वर्षीच्या उत्पन्नात दाखवायचा.