पिंगळाचं नष्ट आणि एका ओळीचा कोड

छंदःशास्त्र हा वृत्तांवरचा प्राचीन ग्रंथ लिहिणाऱ्या पिंगळाने कॉम्प्युटर शोधला, असा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून फिरतो. नाही शोधला. त्याने लघु-गुरूंत बेरीज-वजाबाकीही केली नाही. द्विमान, म्हणजे फक्त ० आणि १ वापरणारं, अंकगणित लायबनिझच्या १७०३ सालच्या लेखात दिसतं. पण छंदःशास्त्रात खरोखर जे आहे, ते या फॉरवर्डपेक्षा कितीतरी मजेदार आहे आणि आज नमपाय किंवा मॅटलॅब ही आकडेमोडीची सॉफ्टवेअर वापरणाऱ्याच्या थेट उपयोगाचं आहे.

काम असं: प्रत्येक स्थानी दोनच किमती, ० किंवा १. तीन स्थानांच्या आठ ओळी होतात, चारच्या सोळा. एक स्थान वाढलं की ओळी दुप्पट. या सगळ्या ओळी एका मॅट्रिक्समध्ये हव्यात, मग सर्किटचं ट्रुथ टेबल (कोणत्या इनपुटला कोणतं आउटपुट) तपासायचं असो की चुंबकातल्या वर-खाली स्पिनची (अणूंच्या सूक्ष्म चुंबकांची) ऊर्जा काढायची असो.

० म्हणजे गुरू आणि १ म्हणजे लघू धरा. शाळेतले गण या क्रमाने लिहा: मानावा, यमाचा, राधिका, समरा, ताराप, जनास, भास्कर, नमन. डावीकडचं अक्षर एकम मानलं, तर हे ० ते ७ आकडेच झाले!

असा तक्ता, म्हणजे प्रस्तार, भरायची रीत केदारभट्टाच्या वृत्तरत्नाकरात आहे. पहिल्या ओळीत सगळे गुरू. मग वरच्या ओळीतल्या डावीकडून पहिल्या गुरूखाली लघू मांडायचा, त्याच्या उजवीकडचं जसंच्या तसं उतरवायचं, डावीकडे गुरू भरायचे. सगळे लघू आले की थांबायचं. ही हातच्यासकट एक मिळवण्याचीच क्रिया आहे. अडचण एकच, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीवर अवलंबून. नमपायला सगळ्या ओळी एकदम दिल्या तरच त्याचा वेग दिसतो.

तिथे पिंगळाचं ‘नष्ट’ उपयोगी पडतं. प्रस्तारातली ओळ पुसली गेली, फक्त तिचा क्रमांक ठाऊक आहे. ती परत कशी मिळवायची? क्रमांक सम असेल तर लघू लिहा आणि निम्मा करा. विषम असेल तर गुरू लिहा, एक मिळवा आणि निम्मा करा. अक्षरं पुरी होईपर्यंत हेच.

भुजंगप्रयात घ्या. चरणात बारा अक्षरं, म्हणून प्रस्तार ४०९६ ओळींचा, आणि त्यात हे वृत्त ५८६वं. ५८६ सम: लघू, उरले २९३. विषम: गुरू, १४७. पुन्हा विषम: गुरू, ७४. झालं यमाचा. आता ७४, ३७, १९: पुन्हा यमाचा. मग १०, ५, ३ आणि शेवटी २, १, १. चार य गण मिळाले, वरच्या ५८५ ओळींतली एकही न लिहिता.

नमपाय शून्यापासून मोजतं, त्यामुळे ‘एक मिळवा’ हे कलमही गळतं. ओळींच्या क्रमांकांचा उभा स्तंभ घ्यायचा, स्थानांची ०, १, २… अशी आडवी रांग घ्यायची; प्रत्येक जोडीत क्रमांकाचे बिट, म्हणजे द्विमान अंक, तितकी घरं उजवीकडे सरकवून शेवटचा बिट उचलायचा. ब्रॉडकास्टिंगमुळे, म्हणजे स्तंभ आणि रांग यांच्या सगळ्या जोड्या आपोआप जुळवण्याच्या सोयीमुळे, अख्खं मॅट्रिक्स एका ओळीच्या कोडमध्ये तयार, लूप नाही. −१ आणि +१ हवे असतील तर दुप्पट करून एक वजा करा.

मेमरी मात्र लवकर संपते. २० स्थानांना १०,४८,५७६ ओळी, आठ बाइटच्या पूर्णांकांत सुमारे १६८ एमबी. ३० स्थानांना सुमारे २५८ जीबी. एका बाइटवर भागवलं तरी ३२. सहा बाय सहाच्या स्पिन-जाळीला तर सुमारे ६,८७२ कोटी ओळी लागतात. तिथे मॅट्रिक्स विसरायचं आणि एकेक ओळ क्रमांकावरून काढून, वापरून, टाकून द्यायची. त्यातही बेल लॅब्जच्या फ्रँक ग्रेचा, १९५३ साली पेटंट मिळालेला क्रम घ्यावा: क्रमांक आणि त्याचाच एक घर उजवीकडे सरकवलेला आकडा यांचा एक्सॉर (बिट वेगळे तिथे १, सारखे तिथे ०). मग लागोपाठच्या दोन ओळींत एकच स्पिन उलटतो, आणि नवी ऊर्जा काढायला त्याचे चार शेजारी पाहिले की पुरतं.