‘व्होल्टेज थोडं वाढवून बघा’ या सल्ल्याची पार्श्वभूमी

ओव्हरक्लॉक केलेला, म्हणजे प्रोसेसर छापलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवलेला संगणक मधेच निळा स्क्रीन दाखवू लागला किंवा गेम चालू असताना अचानक रीस्टार्ट होऊ लागला, की पहिला सल्ला ठरलेला असतो: व्होल्टेज थोडं वाढवून बघा. तापमान नव्वदीपार गेलं की दुसरा: मोठा कूलर लावा. हे सल्ले कुणी हवेतून काढलेले नाहीत. ज्या काळात ते रूढ झाले त्या काळात ते बरोबरच होते. पण तेव्हा कारखाना चिपमध्ये भरपूर मार्जिन, म्हणजे न वापरलेली जादा क्षमता, शिल्लक ठेवत असे. आज ते मार्जिन कारखानाच वापरून टाकतो.

मार्जिन ठेवायचं कशासाठी? एकाच वेफरमधून (सिलिकॉनच्या चकतीतून) निघालेल्या चिपसुद्धा सारख्या नसतात. छापलेला वेग मात्र त्यातल्या कमकुवत चिपलाही, गरम खोलीत, सुमार पॉवर सप्लायवर, वर्षानुवर्षं झेपायला हवा. म्हणून कंपन्या हात राखून आकडा छापत. १९८४ च्या आयबीएम पीसी एटीमध्ये २८६ प्रोसेसर ६ मेगाहर्ट्झवर चालायचा, कारण मदरबोर्डवर १२ मेगाहर्ट्झचे ठोके देणारं क्रिस्टल होतं आणि त्याचा निम्मा वेग प्रोसेसरला मिळायचा. लोकांनी ते काढून १६ चं बसवलं आणि ८ मेगाहर्ट्झ मिळवले. संगणक चालू झाला नाही तर जुनं क्रिस्टल परत लावायचं, एवढाच दोष-शोध. उष्णतेचा विषयच नव्हता. त्या प्रोसेसरवर हीटसिंकही (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) नसे. आयबीएमने पुढच्या बायोसमध्ये (संगणक सुरू करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) वेग तपासणारी चाचणी घालून ही वाट बंद केली.

खरी लाट आली १९९८ मध्ये, इंटेलच्या सेलेरॉन ३००ए प्रोसेसरबरोबर. प्रोसेसरचा वेग म्हणजे बसचा (संगणकाचे भाग जोडणाऱ्या वाटेचा) वेग गुणिले मल्टिप्लायर. याचा मल्टिप्लायर ४.५ वर कुलूपबंद होता. कमी वेगाच्या चिपवर जास्त वेग छापून विकणाऱ्यांचा सुळसुळाट झाला होता, त्याला आळा घालायला इंटेलने ही कुलपं आणली. पण बसचा वेग मोकळाच होता. ६६ चा १०० केला की ३०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर थेट ४५० वर! बऱ्याच चिप हे सहज पेलायच्या. ज्या अडखळायच्या, त्यातल्या पुष्कळ २.० व्होल्टच्या थोडं वर नेलं की सुधारायच्या. आपला सल्ला रुजला तो इथे.

तो चालायचा कारण त्यामागचं गणित सरळ आहे. चिपच्या घड्याळाचा पुढचा ठोका पडण्याआधी प्रत्येक सिग्नल आपल्या जागी पोचून स्थिर व्हावा लागतो. वेग वाढवला की तेवढा वेळ उरत नाही, चुकीची किंमत नोंदली जाते आणि काही क्षणांत क्रॅश. व्होल्टेज वाढवलं की ट्रान्झिस्टर लवकर पलटतात आणि वेळ पुन्हा जुळते. याची किंमत उष्णतेत मोजावी लागते: वीजखर्च वेगाच्या पटीत वाढतो, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. १० टक्के जास्त व्होल्टेज म्हणजे २१ टक्के जास्त उष्णता. सेलेरॉन साधारण २० वॅटचा होता, म्हणजे भर पडली ती जेमतेम ४ वॅटची. हाच हिशेब २५० वॅटच्या आजच्या प्रोसेसरला लावला तर ५० वॅट वाढतात, तेही नखाएवढ्या सिलिकॉनमध्ये. शिवाय भाराखाली तापलेल्या चिपचे ट्रान्झिस्टर हळू पलटतात, मग ती पुन्हा अस्थिर होते, आणि बिचारा वापरणारा आणखी व्होल्टेज देतो.

त्याच काळाने दुसराही एक धडा दिला, आणि तो मला जास्त मोलाचा वाटतो. बस ८३ मेगाहर्ट्झवर ठेवली तर पीसीआयला (डिस्क कंट्रोलर आणि कार्डं जोडणाऱ्या वाटेला) तिच्या निम्मा, म्हणजे ३३ ऐवजी ४१.५ मेगाहर्ट्झ वेग मिळायचा. डिस्क कंट्रोलर गोंधळायचे आणि फाइल्स खराब व्हायच्या. प्रोसेसर ठणठणीत आणि दोष भलतीकडेच. १०० मेगाहर्ट्झवर भाजक तीन व्हायचा, पीसीआय परत ३३ वर यायची आणि संगणक ८३ पेक्षा १०० वर जास्त स्थिर चालायचा! क्रॅश झाला म्हणजे कोअरलाच (प्रोसेसरच्या गणित करणाऱ्या भागाला) व्होल्टेज कमी पडलं असं गृहीत धरू नये, हे तेव्हाच कळलं होतं. आज पीसीआयच्या जागी मेमरीचं एक्सएमपी प्रोफाइल, म्हणजे तिला जास्त वेगाने चालवणारं तयार सेटिंग असतं. तेही ओव्हरक्लॉकिंगच आहे, आणि ते बंद करून न बघता कोअरचं व्होल्टेज वाढवत बसणं म्हणजे दुखतंय पोट आणि शेकतोय पाय.

कंपन्या स्वतःच कड्यावर येऊ लागल्या त्या २००० च्या सुमारास. प्रतिस्पर्धी एएमडीशी चाललेल्या शर्यतीत इंटेलने १.१३ गिगाहर्ट्झचा पेंटियम ३ आणला आणि महिन्याभरात परत बोलावला. काही परीक्षकांकडे तो लिनक्स कर्नल कंपाइल करण्याच्या जड कामातच कोसळत होता. पुढच्या वर्षी चालू संगणकाचा हीटसिंक काढून केलेल्या एका चाचणीत एएमडीचा अ‍ॅथलॉन क्षणात जळाला, तर पेंटियम ४ स्वतःचा वेग उतरवून तगून राहिला. उष्णता वाढली की प्रोसेसरने आपोआप मंद व्हायचं, ही थर्मल थ्रॉटलिंगची सोय तिथून सर्वमान्य झाली. थ्रॉटलिंगमुळे चिप वाचते, पण त्रास लपतोही: संगणक बंद पडत नाही, फक्त ओव्हरक्लॉक करूनही वेग वाढलेला दिसत नाही.

२००२ च्या नॉर्थवूड पेंटियम ४ ने व्होल्टेजची मर्यादाही दाखवली. १.५ व्होल्टच्या या चिपला १.७ च्या वर दीर्घकाळ चालवणाऱ्यांच्या चिप काही महिन्यांत मेल्या, थंड असूनही. याचा दोष धातूच्या तारा हळूहळू झिजवणाऱ्या इलेक्ट्रोमायग्रेशनला दिला गेला. नंतर २००४ चा प्रेस्कॉट पेंटियम ४ आला आणि ट्रान्झिस्टर लहान केले की वीज आपोआप वाचते, हा रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ मध्ये मांडलेला नियम ट्रान्झिस्टर बंद असतानाही होणाऱ्या विजेच्या गळतीमुळे लंगडा पडला. जाहीर केलेला ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम इंटेलला त्याच वर्षी रद्द करावा लागला.

चाचणीची पद्धतही या इतिहासातूनच आली आहे. प्राइम९५ हा ओव्हरक्लॉकिंगसाठी लिहिलेला प्रोग्रॅम नाही. जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ मध्ये मर्सेन मूळसंख्या शोधण्याचा प्रकल्प सुरू केला, त्याचा हा प्रोग्रॅम. आठवडे चालणाऱ्या गणितात एक बिट चुकला तरी सगळं वाया, म्हणून त्यात ‘टॉर्चर टेस्ट’ होती: उत्तर आधीच माहीत असलेली गणितं करायची आणि ताडून बघायची. ‘रात्रभर प्राइम चाललं म्हणजे स्थिर’ हा दंडक यातून पडला. २०११ मध्ये एव्हीएक्स, म्हणजे एकाच वेळी अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या सूचना आल्यावर हीच चाचणी नेहमीच्या कामापेक्षा कितीतरी जास्त तापवू लागली. उलट, आज एएमडीच्या कर्व्ह ऑप्टिमायझर या सेटिंगने व्होल्टेज उतरवलेला संगणक रात्रभराच्या पूर्ण भारात टिकतो आणि सकाळी काहीच चालू नसताना रीस्टार्ट होतो. कारण सगळे कोअर राबत असताना वेग खाली असतो. एकटा कोअर क्षणभर सर्वोच्च वेगाला जातो तो हलक्या कामात. म्हणून भाराची आणि निवांत वेळेची चाचणी वेगवेगळी घ्यावी लागते.

मार्जिन संपत गेलं ते टर्बोमुळे. २००८ च्या इंटेल नेहेलेमपासून प्रोसेसर स्वतःच तापमान आणि वीज बघून वेग चढवू लागला. २०१२ च्या आयव्ही ब्रिजमध्ये इंटेलने चिपवरच्या धातूच्या झाकणाखाली सोल्डरऐवजी थर्मल पेस्ट भरली आणि वरचा कूलर कितीही चांगला असला तरी आतच उष्णता अडू लागली. २०२२ चे वरच्या श्रेणीचे एएमडी रायझन ७००० तर पूर्ण भारात ९५ अंशांपर्यंत जाण्यासाठीच बनवलेले आहेत: मोठा कूलर लावला तर ते थंड राहण्याऐवजी आणखी वेग घेतात. तिथे ९५ चा आकडा बघून घाबरायचं कारण नाही; वीजमर्यादा कमी केली की तापमान उतरतं, आणि वेग फार थोडा जातो.

या प्रवासाचं टोक इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीत दिसलं. कुणीही ओव्हरक्लॉक न केलेले संगणक गेम उघडताना कोसळू लागले. ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असा संदेश यायचा, लोक ग्राफिक्स कार्ड बदलायचे आणि दोषी निघायचा प्रोसेसर. अनेक मदरबोर्ड मूळ सेटिंगमध्येच वीजमर्यादा काढून टाकत होते, तोही संशयाचा भाग होता. पण २०२४ च्या उन्हाळ्यात इंटेलने मान्य केलं की चिपच प्रमाणाबाहेर व्होल्टेज मागत होती. ऑगस्टमधल्या मायक्रोकोडने (चिपच्या आतल्या प्रोग्रॅमच्या सुधारणेने) ते १.५५ व्होल्टवर रोखलं. त्याआधीच झिजलेल्या चिपला त्याचा उपयोग नाही. बायोस अद्ययावत करून, एक्सएमपी बंद ठेवून, मूळ सेटिंगवरही असा प्रोसेसर कोसळत असेल आणि कमाल वेग एक-दोन पायऱ्या उतरवताच शांत होत असेल, तर त्याला वरून व्होल्टेज देऊ नये. वॉरंटीत बदलून घ्यावा. इंटेलने या चिपसाठी मुदत दोन वर्षांनी वाढवली आहे.