यूर्मला : बिनहंगामी हिवाळी पर्यटन

यूर्मला हे लॅटव्हियातील रीगाच्या आखातावरचे विश्रामनगर, राजधानी रीगाच्या पश्चिमेस सुमारे २५ किलोमीटरवर. लॅटव्हियन भाषेत या नावाचा अर्थच ‘समुद्रकाठ’. लिएलुपे नदी आणि आखात यांच्यामधल्या चिंचोळ्या वाळूपट्टीवर कोळ्यांची खेडी आणि स्नानस्थळे ओळीने वसत गेली. १९५९ मध्ये ती एकत्र करून आजचे शहर झाले. उन्हाळ्यात येथे गर्दी होते आणि खोल्यांचे दर चढतात. ऑक्टोबर ते मार्च या काळात ते उतरतात; नाताळ-नववर्षाचे दिवस मात्र त्याला अपवाद.

हे गाव हिवाळ्यात ओस पडते, पण बंद पडत नाही. सुमारे ५०,००० लोक येथे बारमाही राहतात आणि त्यांतले अनेक कामाला रोज रीगाला जातात. त्यामुळे १८७७ पासूनच्या लोहमार्गावर गाड्या हिवाळ्यातही दिवसभर धावतात. रीगाहून यूर्मलाच्या मध्यवर्ती भागातले मायोरी स्थानक अर्ध्या तासावर. तिकीट तिथल्या कॉफीच्या पेल्याहून स्वस्त. रीगा स्थानकालगत, झेपेलिन या वायूने भरलेल्या हवाई जहाजांच्या जुन्या हँगरांच्या सांगाड्यांतून उभारलेला मध्यवर्ती बाजार आहे. राईचा पाव आणि धुरी दिलेले मासे तिथूनच घ्यावेत, कारण योमास या मुख्य पादचारी रस्त्यावरची काही खानावळी हिवाळ्यात मिटलेली असतात. शहरात येणाऱ्या मोटारींवरचा प्रवेशकरही एप्रिल ते सप्टेंबर एवढाच.

पुळण मोकळी आणि फुकट. रीगाचे आखात ज्याचा भाग आहे त्या बाल्टिक समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच, हे कोकणात वाढलेल्याला विचित्र वाटते. पाण्यात मीठ कमी असल्याने कडक हिवाळ्यात उथळ किनारा गोठतो, बर्फाचे तुकडे वाऱ्याने एकावर एक चढतात. त्याच पाण्यात डुबकी मारणाऱ्या स्थानिकांना ‘सील’ (थंड समुद्रातला प्राणी) म्हणतात. पाहुण्याने त्यांचे अनुकरण करण्याऐवजी पिर्ट्स, म्हणजे तिथले वाफेचे न्हाणीघर, गाठावे. कोरीव लाकडी बंगले पानगळीनंतर रस्त्यावरूनही नीट दिसतात. उन्हाळ्यात ते झाडीत लपलेले असतात. यूर्मलातल्याच डुबुल्टी स्थानकाची लाटेसारखी काँक्रीटची इमारत (१९७७) गाडीतून उतरून पाहण्याजोगी आहे.

शहराच्या पश्चिम टोकाला क्येमेरी आहे. गंधकयुक्त झऱ्यांमुळे १८३८ मध्ये तिथे आरोग्यस्थान निघाले. जवळच्या दलदलीवरील फळ्यांची पायवाट हिवाळ्यातही चालता येते. मोठा फेरा साडेतीन किलोमीटरांच्या आतबाहेर. फळ्यांवर बर्फ धरतो, म्हणून घट्ट पकडीचे बूट हवेत. क्येमेरी स्थानकापासून तिथवरची चाल धरून घराबाहेर लवकर पडावे, कारण डिसेंबरच्या अखेरीस सूर्य नऊच्या सुमारास उगवतो आणि पावणेचारला मावळतो.

भारतीय प्रवाशाला शेंगेन व्हिसा लागतो. जून २०२४ पासून प्रौढांसाठी त्याचे शुल्क ९० युरो आहे, आणि ते कोणत्याही मोसमात उतरत नाही.